पॅगोडा की आर१२९? दोन काळांतल्या दोन मर्सिडीज एसएल पारखताना

माझा मावसभाऊ तीस वर्षं जर्मनीत नोकरी करून निवृत्त झाला, तेव्हा त्याने मनात जपलेली एकच हौस बोलून दाखवली: एक जुनी एसएल, म्हणजे मर्सिडीजची छप्पर उघडणारी स्पोर्ट्स गाडी, घ्यायची. आम्ही दोघं श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनला गेलो. तिथे जुन्या विमानतळाच्या जागी आता जुन्या गाड्यांची मोठी वसाहत आहे. एका दालनात शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या होत्या. एक १९६९ ची २८० एसएल, म्हणजे ‘पॅगोडा’, आणि दुसरी १९९१ ची ५०० एसएल, म्हणजे आर१२९. भावाने मला विचारलं, ‘‘ताई, यातली चांगली कुठली?’’

प्रश्न साधा वाटतो, पण दोन्ही गाड्यांना एकच पट्टी लावून मोजायला गेलं की फसगत ठरलेली. पॅगोडाचा पैसा पत्र्यात जातो. आर१२९ चा पैसा तारांत आणि तेलाच्या नळ्यांत जातो. म्हणून दोघींची तपासणी वेगळी, तपासायचे दिवस वेगळे, आणि सोबत न्यायचा जाणकारही वेगळा. त्यानंतर मी भावाला जे टप्प्याटप्प्याने लिहून दिलं, तेच इथे नवख्यांसाठी मांडते आहे.

पहिला टप्पा: गाडी कोणत्या विचारातून बनली ते आधी समजून घ्या

पॅगोडा पहिल्यांदा दिसली १९६३ च्या मार्चमध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात. कारखान्याच्या भाषेत ती डब्ल्यू११३. रेखाटन पॉल ब्राक यांचं. वरचं घट्ट छप्पर मधोमध खोलगट आणि कडांना उंच, म्हणून लोकांनी तिला पॅगोडा म्हटलं. त्या छपरामागची कल्पना बेला बारेनी यांची. अपघातात पुढचा-मागचा भाग चुरगळावा आणि माणसं बसतात तो मधला सांगाडा शाबूत राहावा, हा विचार मोटारीत आणणारे तेच. स्पोर्ट्स गाडीत तो पहिल्यांदा उतरला तो या गाडीत. नाजूक दिसते म्हणून तिला कमी लेखू नका. त्याच वर्षी ओयगेन ब्योरिंगर यांनी स्पा–सोफिया–लिएज ही युरोपातली अत्यंत खडतर शर्यत २३० एसएलमधून जिंकली होती.

आर१२९ देखील जिनिव्हालाच आली, बरोबर २६ वर्षांनी, १९८९ च्या मार्चमध्ये. तेव्हा मर्सिडीजच्या रेखाटन विभागाचे प्रमुख होते ब्रूनो साको. मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक्स आलं होतं आणि कंपनीने ते हात राखून वापरलं नाही. गाडी उलटतेय असं संवेदकांना जाणवलं की ०.३ सेकंदात डोक्यामागचा संरक्षक दांडा आपोआप उभा राहतो. सीटबेल्ट सीटमध्येच बसवलेला, आणि त्यासाठी सीटचा सांगाडा मॅग्नेशियमचा. कापडी छप्पर बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात स्वतः उघडतं, स्वतः घडी घालून झाकणाखाली जातं. या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबले.

बनल्या किती, हे लक्षात ठेवा, कारण किमतीचं मूळ तिथे आहे. पॅगोडा ८ वर्षांत मिळून ४८,९१२. आर१२९ बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त. बाजारात पॅगोडाला घाई करावी लागत नाही, पण चांगली मिळायला वेळ लागतो. आर१२९ मात्र भरपूर आहेत, तेव्हा तिच्यात नाही म्हणायला शिका. पहिल्या पाच गाड्या नुसत्या बघायच्या, घ्यायच्या नाहीत, हा नियम मी भावाला घातला होता.

दुसरा टप्पा: घराण्यातलं नेमकं अपत्य निवडा

पॅगोडात तीन आहेत. २३० एसएल (१९६३ ते ६७), इंजिन २.३ लिटरचं, १५० अश्वशक्ती, मागे ड्रमचे ब्रेक. मधली २५० एसएल जेमतेम वर्षभर बनली, ५,१९६ नग. तिला मागेही डिस्क ब्रेक मिळाले. आणि २८० एसएल (१९६७-६८ ते ७१), १७० अश्वशक्ती, सर्वांत जास्त मागणी हिलाच. माझं मत मात्र वेगळं आहे. नवख्या माणसाने वर्षाच्या किंवा लिटरच्या मागे न लागता पत्रा ज्या गाडीचा चांगला ती घ्यावी, मग ती २३० का असेना. गार्‍हाण्याने भरलेल्या २८० पेक्षा निरोगी २३० कितीतरी सुखाची.

आर१२९ मध्ये निवड खरोखर महत्त्वाची आहे. सहा सिलिंडरची ३०० एसएल १९० अश्वशक्तीची, तिचीच २४ व्हॉल्व्हची बहीण २३१ ची. व्ही८ वाली ५०० एसएल ३२६ ची. आणि वर बारा सिलिंडरची ६००, तब्बल ३९४. बारा सिलिंडरच्या मोहात पहिल्याच गाडीला पडू नका. तिच्या बॉनेटखाली हात घालायला जागा नाही आणि प्रत्येक कामाचं बिल दुप्पट. १९९३ मध्ये नावं उलटी झाली: ५०० एसएलची एसएल ५०० झाली. जाहिरात वाचताना अंक आधी की अक्षरं आधी, यावरून गाडी साधारण कोणत्या काळातली ते कळतं.

तिसरा टप्पा: गाडी बघण्याआधी कागद बघा

विक्रेत्याकडून चासी नंबरचा फोटो मागवा. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे जायचं पेट्रोलही वाया घालवू नका.

पॅगोडाचा नंबर वाचायला सोपा आहे. पहिले सहा आकडे ११३०४२ असतील तर २३० एसएल, ११३०४३ तर २५०, ११३०४४ तर २८०. पुढचे दोन आकडे १० म्हणजे डावं स्टिअरिंग आणि हाताचे गिअर, १२ म्हणजे डावं आणि ऑटोमॅटिक. २० आणि २२ म्हणजे तेच, पण स्टिअरिंग उजवीकडे. आज ऑटोमॅटिक गाडी हाताच्या गिअरची दिसत असेल तर कोणीतरी बदललीय हे घरबसल्या समजतं. बदल करणं पाप नाही, पण किंमत मूळ गाडीची मागत असतील तर बोलायला जागा मिळते.

दुसरा कागद म्हणजे डाटेनकार्टे, कारखान्याने प्रत्येक गाडीचा लिहून ठेवलेला जन्मदाखला. रंग, आतलं कातडं, इंजिनाचा नंबर, कुठल्या देशाला पाठवली, सगळं त्यावर असतं. जवळजवळ १९,५०० पॅगोडा अमेरिकेत विकल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ नंतर जर्मनीत परतल्या. अशी गाडी वाईट असते असं मुळीच नाही. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून आली असेल तर पत्रा उत्तम, फक्त उन्हाने लाकूड आणि रबर खाल्लेलं. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यातून आली असेल तर गोष्ट वेगळी.

आर१२९ ला कागद म्हणजे सर्व्हिसची वही आणि बिलांची फाइल. फाइल जाड हवी. ‘‘काहीच काम काढलं नाही हिने’’ असं अभिमानाने सांगितलेली तीस वर्षांची आर१२९ मला भीती घालते.

चौथा टप्पा: पॅगोडाचा पत्रा

इथे वेळ द्या. अर्धा दिवस गेला तरी चालेल. या गाडीला वेगळी चासी नाही, तळच सांगाड्याचं काम करतो. तळ कुजला की गाडी दुमडते.

खिशात एक लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या. आणि आधीच सांगते, म्हणजे घाबरणार नाही: बॉनेटला, डिकीच्या झाकणाला, दारांच्या बाहेरच्या पत्र्याला आणि छपराच्या झाकणाला चुंबक चिकटणार नाही. ते मुळातच ॲल्युमिनियमचे आहेत. उलट तिथे चिकटलं तर विचारायचं की मूळ भाग गेला कुठे. मडगार्डला, दाराखालच्या पोकळ पट्टीला, मागच्या चाकाभोवतीच्या कमानीला मात्र चिकटलंच पाहिजे. तिथे सरकून पडत असेल तर रंगाखाली पुट्टीचा थर आहे.

मग बॉनेट उघडा. दोन्ही बाजूंना पुढचं मडगार्ड आतल्या पत्र्याला जिथे मिळतं तिथे कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल खळगे एका ओळीत दिसतात. बोट फिरवून बघा. खळगे नाहीत, कडा गुळगुळीत आहे, म्हणजे मडगार्ड बदललंय किंवा अपघातानंतर नव्याने बसवलंय. मूळ मडगार्ड असलेली पॅगोडा विरळा, तिला जपा. बॉनेट आणि छपराच्या झाकणावर बॉडी नंबरचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात, तेही जुळवून घ्या.

दारं. छप्पर काढलेल्या अवस्थेत दार आणि बॉडी यांमधली फट वरून खाली एकसारखी आहे का ते बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल, किंवा दार लावताना उचलावं लागत असेल, तर दाराखालच्या पट्ट्या कमजोर झाल्यात. खात्री करायची तर जॅक लावून एक बाजू उचला आणि त्याच अवस्थेत दार उघडा. निरोगी गाडीचं दार तसंच उघडतं, तसंच लागतं. माझ्या भावाला आवडलेल्या पहिल्या पॅगोडाचं दार जॅकवर चढवल्यावर उघडलंच नाही. बाहेरून ती आरशासारखी चकचकत होती. विक्रेत्याने मान खाली घातली आणि आम्ही परत निघालो. भाऊ वाटेत गप्प होता. मलाही वाईट वाटलं, पण तो तळ बदलायचं पत्रीकाम गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन गेलं असतं.

शेवटी आतली गालिचे वर करून चालकाच्या पायाखालचा तळ, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, आणि हेडलाइटच्या मागचा कोपरा. पाणी तिथेच साचतं. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे भिडतात, विशेषतः दाराच्या खालच्या काठाला, तिथे रंग फुगलेला दिसला तर आत दोन धातूंचं खाणं सुरू झालंय.

पाचवा टप्पा: पॅगोडाचं इंजिन

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सकाळपासून चालू करू नका. गार इंजिनच खरं बोलतं. या गाडीत कार्ब्युरेटर नाही. बॉशचा यांत्रिक पंप आहे, सहा सिलिंडरना सहा दट्टे, प्रत्येकाला मोजून पेट्रोल. निरोगी पंपाची गाडी गार असतानाही लगेच सुरू होते, थोडा वेळ जास्त आरपीएमवर राहते, आणि गरम होताना हळूहळू खाली उतरते. काळा धूर, पेट्रोलचा दर्प, गरम झाल्यावर पुन्हा सुरू न होणं ही लक्षणं असतील तर पंप उघडावा लागेल. हे काम करणारे हात आता मोजकेच उरले आहेत आणि बिल हजारो युरोंचं होतं. सुरुवातीच्या पंपांना स्वतःचं वेगळं तेल असतं. मालकाला ‘‘पंपाचं तेल शेवटचं कधी बघितलं?’’ असं विचारा. त्याच्या उत्तरावरून गाडीची निगा कशी राखली ते समजेल.

पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस मारायची टोकं आहेत. तिथे ताजं ग्रीस दिसलं तर मनातल्या मनात मालकाला नमस्कार करा. कोरडी धूळ असेल तर स्टिअरिंगमध्ये ढिलाई सापडेलच.

सहावा टप्पा: आर१२९, बटणं आणि धीर

आता दुसरी गाडी, दुसरा दिवस. चुंबक खिशातच राहू द्या. आर१२९ चा पत्रा साधारणपणे टिकाऊ आहे. दारांखालच्या प्लास्टिकच्या रुंद पट्ट्यांमागे जॅक लावायची ठिकाणं आणि पुढच्या मडगार्डची कड एवढं बघितलं की पुरे.

या गाडीत बसून प्रत्येक बटण दाबायचं. प्रत्येक. सीट पुढे-मागे-वर-खाली, आरसे, काचा चारही, सीटबेल्टची उंची, हीटर, हवेच्या दिशा. मग छप्पर. एकदा उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. मध्ये अडकतं का, कुठल्या टप्प्यावर थबकतं, बटणातला लाल दिवा लुकलुकतो का ते बघा. छप्पर हलवणारे डझनभराहून अधिक लहान हायड्रॉलिक सिलिंडर आहेत आणि त्यांची रबरी सीलं वयाने कडक होतात. पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीतून, सनशेडपाशी, तेलाचा थेंब ओघळलेला असेल तर तिथला सिलिंडर गळतो. डिकीत पंपाजवळ तेलाचा डाग आहे का हेही बघा. सगळे सिलिंडर काढून नवी सीलं घालून देणारे कारागीर आहेत, ते परवडतंही. म्हणून छपराच्या गळतीवरून गाडी सोडू नका, किंमत कमी करा. संरक्षक दांडा बटणावर उभा करा, खाली करा, दोन्ही वेळा.

खरा घात मात्र दिसत नाही. साधारण १९९२ ते १९९५-९६ मधल्या इंजिनांच्या वायरिंगला असं आवरण वापरलं गेलं की ते उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होऊन तुटून पडतं. इंजिन बंद, गार. बॉनेट उघडा आणि इंजिनाजवळची एक तार हळूच वाकवा. आवरण कुरकुरलं, तुकडा बोटावर आला, तर अख्खं वायरिंग बदलणं भाग आहे. थ्रॉटलच्या यंत्रातली तारही त्याच जातीची, तीही विसरू नका. बदलल्याचं बिल फाइलमध्ये असेल तर ती गाडी इतर गाड्यांच्या दोन पावलं पुढे. ब्योब्लिंगेनची १९९१ ची ५०० या काळाच्या आधीची होती, मला ती आवडण्याचं हे एक मोठं कारण.

व्ही८ सुरू केल्यावर वरून, झाकणांखालून, टक-टक असा आवाज येत राहिला तर कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) तेल पोचवणाऱ्या नळ्यांचे प्लास्टिकचे तुकडे तुटले असण्याची शक्यता जास्त. काम फार मोठं नाही. तसंच चालवत राहिलं तर मात्र कॅमशाफ्ट झिजतो. इंजिनातल्या साखळीच्या मार्गदर्शक पट्ट्यांबद्दलही विचारा, प्लास्टिक तिथेही वयाने ठिसूळ झालेलं असतं.

आणि घट्ट छप्पर सोबत आहे का? आर१२९ बरोबर ॲल्युमिनियमचं छप्पर यायचं. हरवलेलं असेल तर त्याच रंगाचं शोधणं फार कटकटीचं.

सातवा टप्पा: एकाच रस्त्यावर दोन्ही चालवा

शक्य असेल तर एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर. चढण-उतार आणि खराब रस्ता दोन्ही असावेत. पॅगोडा सुमारे १३५० किलोची. स्टिअरिंगचं चाक मोठं आणि पातळ, छपराचे खांब बारीक, चहूबाजूंचं स्वच्छ दिसतं. वेगाने वळणात गेलात आणि मध्येच पाय काढलात तर मागचा ॲक्सल आपलं अस्तित्व दाखवतो. ती हात धरून, लक्ष देऊन चालवायची गाडी आहे. आर१२९ पावणेदोन टनांच्या आसपास. ऑटोबानवर दोनशेच्या वेगातही शेजारच्याशी हळू आवाजात बोलता येतं. छप्पर उघडं ठेवून खराब रस्त्यावर जा आणि पुढच्या काचेचा आरसा थरथरतो का ते बघा. सांगाडा बराच घट्ट आहे, थरथर जास्त असेल तर सस्पेन्शनची रबरं गेली आहेत.

पुण्यात १९९५ पासून बनलेली डब्ल्यू१२४, म्हणजे मर्सिडीजची त्या काळची ई-क्लास, ज्यांनी चालवलीय त्यांना आर१२९ मध्ये बसताच ओळखीचं वाटेल. मागच्या चाकांची रचना आणि पुष्कळसं यांत्रिक काम त्याच घराण्यातलं आहे. माझ्या वडिलांचे एक मित्र ती गाडी चालवायचे. तिचं दार लागण्याचा तो जड, पोकळ नसलेला आवाज मला आर१२९ मध्ये पुन्हा ऐकू आला आणि क्षणभर मी कोथरूडमध्ये होते.

आठवा टप्पा: वर्षाचा हिशोब

जर्मनीत पहिली नोंदणी होऊन ३० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर एच अक्षराची नंबरप्लेट मिळते. मग इंजिन कितीही मोठं असो, वर्षाचा कर १९१.७३ युरो, आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांतही मोकळं फिरता येतं. पॅगोडाला ही प्लेट केव्हाही मिळू शकते. आर१२९ ला पहिल्या नोंदणीची तारीख बघावी लागते. फरक मोठा आहे: ५ लिटरची व्ही८ धुराच्या प्रदूषणाच्या युरो १ वर्गात असेल तर दर १०० सीसीला १५.१३ युरो, म्हणजे वर्षाला साडेसातशेच्या वर. फक्त लक्षात ठेवा, भलतीच चाकं, खाली बसवलेली स्प्रिंग, नवे दिवे यांनी ही प्लेट अडते.

विम्यासाठी मूल्यांकन करून घ्या. जर्मनीत अवस्थेला १ ते ५ असे गुण देतात, १ म्हणजे निर्दोष, ५ म्हणजे पूर्ण उभारणीच हवी. विक्रेत्याचा ‘२’ बहुतेक वेळा तज्ज्ञाचा ‘३’ निघतो. सौदा करण्याआधी स्वतःच्या खर्चाने तपासणी करा, ते काही शे युरो सर्वांत चांगले गेलेले पैसे असतात.

किमतीत दोघींची तुलना होत नाही. चांगली २८० एसएल लाखभर युरोंच्या आसपास बोलली जाते आणि तेवढ्यात चांगल्या आर१२९ दोन-तीन सहज येतील. माझा सल्ला असा: पॅगोडा घेणार असाल तर ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला काढा. आर१२९ ला पहिल्या वर्षासाठी किमतीचा तिसरा हिस्सा. गाडी स्वस्त मिळाली तरी सुटे भाग आणि कारागिराचा तास स्वस्त होत नाहीत.

भारतात असलेली गाडी घेणाऱ्यांसाठी एवढंच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि ती रोजच्या वापरासाठी नाही. पॅगोडा यात बसते, आर१२९ ला अजून बरीच वर्षं आहेत. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत चौथा टप्पा दुप्पट काळजीने करा.

भावाने शेवटी ती १९९१ ची ५०० घेतली. छपराचे दोन सिलिंडर गळत होते, ते किमतीतून वजा झाले. तुम्हीही तीच घेतलीत तर पहिल्या हिवाळ्याआधी एक करा: छप्पर घडी घालून ठेवू नका. मागची खिडकी प्लास्टिकची आहे, थंडीत दुमडली तर कायमची चीर पडते. छप्पर वर चढवून, बॅटरीला चार्जर लावून, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरून गाडी कोरड्या जागी ठेवा. वसंतात पहिल्यांदा उघडताना आधी उन्हात तासभर उभी करा आणि खिडकी हाताला मऊ लागली की मगच बटण दाबा.